वऱ्हाडी रॅपचा धनी कोण?

अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर या तरुण रॅप-गायकाने मंचासाठी घेतलेले नाव कागदावर मोठे चमत्कारिक दिसते. आपल्या नावातील 'सौ' या अक्षराचा त्याने हिंदीतला शंभर केला, तो आकड्यात लिहिला आणि उरलेल्या 'रभ'साठी तीन इंग्रजी अक्षरे जोडली. '१००आरबीएच' हे नाव असे सिद्ध झाले. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि वर अंकगणित, अशी ही चौपदरी भेसळ पाहून भाषाशुद्धीचे अभिमानी कपाळाला आठ्या घालतील. परंतु ज्याने नागपूरच्या इतवारीत किंवा सीताबर्डीवर अर्धा दिवस काढला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. तेथे वाक्य मराठीत सुरू होते आणि हिंदीत संपते, मधला शिवीवजा जिव्हाळा दोन्ही भाषांचा सामाईक असतो. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते, त्या मध्यप्रदेशाचा कारभारही हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषांत चाले. मिश्रण ही या मुलखाची फॅशन नव्हे, ती तेथील कष्टकऱ्यांची मातृभाषाच आहे.

हाच तरुण पुढे मुंबईच्या 'स्वदेशी' या गटात सामील झाला. या गटातील मुले एकाच गाण्यात आपापल्या भाषा घेऊन उतरतात. मावळी मराठीत, तर तोडफोड या नावाने गाणारा धर्मेश परमार गुजरातीत. हा गुणी मुलगा मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी या गटाच्या मुलांना कर्नाटक संगीतातील तालाचे बोल शिकवले आणि त्या बोलांवर रॅप बसविला. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटातील 'इंडिया ९१' हे गीत या प्रयोगातूनच आले, आणि त्यात अमरावतीच्या या मुलाचाही आवाज आहे. त्याच वर्षी 'स्वदेशी'ने आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'वारली रिव्होल्ट' हे गीत केले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडांवर रातोरात करवत चालली, तेव्हा मुंबईच्या अनेक तरुणांना वारली पाड्यांचे अस्तित्व प्रथम कळले होते ते या गाण्यामुळे. २०२३ साली सौरभ 'एमटीव्ही हसल' या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात उतरला आणि वऱ्हाडचा आवाज देशभरच्या घरांत पोहोचला. कारकीर्द चढती आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की या चढणीचा दोर कोणाच्या हातात आहे?

हा प्रश्न विचारण्यापूर्वी चळवळीतच ऐकू येणाऱ्या एका आक्षेपाचा समाचार घेतला पाहिजे. रॅप ही अमेरिकेची उसनवारी आहे, ते गाणेच नव्हे, गोंगाट आहे, असे अनेक ज्येष्ठ कार्यकर्ते बोलून दाखवतात. उसनवारीचे म्हणाल, तर महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका भाडेकरूंच्या इमारतीत जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्बेल या तरुणाने बहिणीसाठी भरविलेल्या नाचगाण्याच्या संध्याकाळी दोन तबकड्या शेजारी ठेवून ठेक्याचा तुकडा लांबविला. हिप-हॉपचा जन्म त्या रात्री झाला असे मानतात. ब्राँक्समधून तेव्हा कारखाने उठत होते आणि वस्त्या चिरून मोटाररस्ता काढला गेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईच्या दलित तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव 'दलित पँथर' ठेवले होते, तेही ओकलंडच्या काळ्या तरुणांकडून घेऊन. दोन्ही बाजूंच्या दडपलेल्या माणसांमध्ये हा व्यवहार इतका जुना आहे की त्यात देणेकरी कोण आणि घेणेकरी कोण, हे सांगणे कठीण व्हावे.

आणि नागपूरने तर असली तक्रार करूच नये. अमरावतीत जन्मलेले आणि नागपुरात राहिलेले सुरेश भट यांनी फारसी-उर्दूची गझल मराठीत आणली, तेव्हाही नाके मुरडली गेली होती. आज रेशीमबागेतील महापालिकेच्या भव्य सभागृहाला त्यांचे नाव आहे. परके वृत्त मराठी होण्यास एक पिढी पुरते. मात्र त्यात सांगण्यासारखे काही असावे लागते.

राहता राहिला गोंगाटाचा मुद्दा. अमरावती जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन असे पुरुष दिले, ज्यांनी गाणे आणि बोलणे यांतील भिंतच पाडली. शेणगावचे गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहत तेव्हा त्यांच्यापाशी ना वीणा होती, ना पोथीचा आधार. खराटा हाती घेऊन दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारायचे. प्रश्न लहान, ठेका पक्का, उत्तर जमावाने एका सुरात द्यायचे. त्या उत्तरातच सावकार, दारू, नवसाचे बकरे आणि शिवाशीव यांचा निकाल लागे. आज रॅप-गायक हातातला माईक जमावाकडे वळवतो आणि ओळीचा शेवट त्यांच्याकडून वदवून घेतो, ही युक्ती त्याने अमेरिकेहून आणली असे मानण्याची वऱ्हाडात तरी गरज नाही. दुसरे यावलीचे तुकडोजी महाराज. त्यांची खंजिरी हे एका हातात मावणारे, कोणत्याही जातीच्या माणसाला परवडणारे वाद्य. हिंदी आणि मराठी दोन्हींत त्यांनी पदे रचली, आणि १९४२ च्या आंदोलनात ब्रिटिशांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकले. नुसत्या ठेक्याला सरकार घाबरत नाही. ठेक्यावर स्वार झालेल्या शब्दाला घाबरते. त्याच वाटेने सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या एकाच वेळी वाजवीत अंधश्रद्धेवर आणि हुंड्यावर अजूनही तुटून पडतात. परंपरा प्रत्येक वेळी गुरू-शिष्याच्या वहीतून येते असे नाही, ती बोलीच्या लयीतूनही झिरपते. अमरावतीतूनच सौरभबरोबर विपिन तातड यांच्यासारखा आंबेडकरी रॅप-गायक निघावा, हा योगायोग समजणे भोळेपणाचे होईल.

आता धन्याची गोष्ट. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले, तेव्हा त्याच्या पाठीशी गिरणी कामगारांची युनियन होती, चाळी होत्या, पक्ष होता. कार्यक्रम कोठे करायचा, मंडप कोण घालणार, शाहिराला रात्री भाकरी कोण वाढणार, हे प्रश्न संघटना सोडवी. सरकारने त्यांच्या तमाशावर बंदी घातली, तेव्हा 'लोकनाट्य' हे नवे नाव पुढे करून तो खेळ चालू राहिला. कारण प्रेक्षक संघटित होता आणि तो तिकिटाला नव्हे, आपल्या माणसाला येत होता. म्हणून त्या काळात सारे सुखाचे होते असे नव्हे. ज्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले ते अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिले आणि १९६९ मध्ये दारिद्र्यातच गेले. शाहिराचा वापर करून घेणे आणि त्याला जगवणे यांतील फरक चळवळीलाही नीट उमगला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली कायमची बंद पडली. तिच्याबरोबर केवळ रोजगार गेला नाही. पाळी सुटल्यावर एकत्र बसणारा, एकत्र ऐकणारा श्रोताही पांगला. आजचा वऱ्हाडी मुलगा एकटा आहे. त्याच्यापाशी युनियन नाही, चाळीचे पटांगण नाही. आहे तो हातातला मोबाइल. त्यावर केलेले गाणे किती जणांपुढे जावे हे परदेशातील कंपनीचे यंत्र ठरविते. त्याहून पुढे जायचे तर मुंबई गाठावी लागते. नागपूर करारान्वये विधिमंडळाचे एक अधिवेशन या शहराला मिळाले, पण ध्वनिमुद्रणाचे आणि प्रसिद्धीचे सारे बाजार अरबी समुद्राकाठीच राहिले. विदर्भाचा कापूस बाहेर जातो आणि कापड होऊन परत विकला जातो, तसाच विदर्भाचा आवाजही.

बाजार या आवाजाचे काय करतो याचे उदाहरण ब्राँक्सनेच घालून दिले आहे. १९७९ साली रॅपची पहिली तुफान खपलेली तबकडी निघाली, ती त्या वस्तीत सहा वर्षे घाम गाळणाऱ्या मुलांची नव्हती. एका कंपनीने जमविलेल्या तीन तरुणांनी ती म्हटली, आणि तीतील काही कडवी ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या खऱ्या कवीच्या वहीतली होती. त्याचे नाव तबकडीवर छापले गेले नाही. बाजाराला राग चालतो. फक्त रागाला पत्ता नको असतो. व्यवस्थेविरुद्ध ओरडा, म्हणजे टाळ्या पडतील. परंतु कोणत्या गावच्या कोणत्या जमिनीवर कोणी कब्जा केला, हे सांगू लागताच कार्यक्रमाची वेळ संपते.

ज्याला बाजाराचे छत्र नाही त्याची गाठ थेट पोलिसांशी पडते. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरचा राज मुंगासे याच्या रॅपवर अंबरनाथला गुन्हा नोंदविला गेला. त्याच्या गाण्यात कोणत्याही पक्षाचे वा पुढाऱ्याचे नाव नव्हते. चोर आणि खोके एवढेच शब्द होते. तरीही ते आपल्यालाच उद्देशून आहेत, असे सत्तेतील मंडळींच्या अनुयायांना तत्काळ उमगले, हा त्यांच्या आत्मज्ञानाचा भाग झाला. त्याच महिन्यात जनतेच्या हलाखीवर रॅप करणाऱ्या उमेश खाडेवर मुंबईत गुन्हा दाखल झाला. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली होती. एकाच राज्यात, जवळपास एकाच काळात, एका तरुणाला रॅपसाठी झगमगता मंच मिळतो आणि दुसऱ्याला पोलीस ठाण्याचे बाकडे. गुणांचा फरक हे याचे कारण नव्हे.

म्हणून दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत गेला की मुलगा विकला गेला, असा जो सूर काही शुद्ध क्रांतिकारक लावतात, तो अन्यायाचा आहे. कष्टकऱ्याच्या मुलाने कलेचे दाम मागू नये, हा उपदेश करणाऱ्याचा स्वतःचा पगार बहुधा पहिल्या तारखेला जमा होत असतो. रॅपमध्ये वाईट पुष्कळ आहे, तेही झाकण्याचे कारण नाही. गाड्या, दागिने, स्त्रियांविषयी हलकी भाषा आणि स्वतःचेच पोवाडे यांनी या प्रकाराचा मोठा भाग व्यापला आहे. वऱ्हाडी बोलीचा रांगडेपणा त्याला साथ देण्यास सहज तयार होतो. हे सांगायला हवे, आणि ते त्या मुलांसमोर बसून सांगायला हवे. त्यांची एकही ओळ न ऐकता त्यांच्यावर ठराव करणे ही टीका नव्हे.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसे येतात. तेथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी एके काळी भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागत. मजूर बाई पदराच्या गाठीतून पैसे काढून कॅसेट घेई, आणि त्यातला थोडा का होईना वाटा गायकाकडे जाई. मोबाइल आल्यावर तो व्यवहार आटला. गाणे फुकट झाले, गायक मात्र जेवायचा थांबला नाही. त्या दुकानांच्या रांगेत या नव्या मुलांसाठी एक मंच, त्यांच्या गाण्यांची विक्री आणि ठरलेले मानधन, एवढी व्यवस्था करणे नागपूरच्या संघटनांना अशक्य नाही. गुन्हा दाखल झालाच तर जामिनाला उभा राहणारा वकील आधीच ठरलेला असावा. मुंगासेसारख्यांची नावे वर्तमानपत्रात आल्यावर निषेधाचे पत्रक काढणे यापेक्षा ते स्वस्त पडेल.

डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चे निघतील. मॉरिस कॉलेजच्या चौकात कठड्याला मोर्चा अडतो, शिष्टमंडळ मंत्र्यांकडे जाते, आणि यवतमाळ-वाशीमहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे रस्त्यावर तीन-चार तास बसून राहतात. ट्रकवर ध्वनिक्षेपक तयार असतो, आणि त्यावर एकामागून एक वक्ते तेच भाषण करीत असतात. यंदा त्या ट्रकवर अमरावती-नागपूरच्या दोन-तीन पोरांना चढवावे, भाषणे अर्ध्या तासात आवरावीत, आणि ठरलेले मानधन त्यांच्या हातात त्याच संध्याकाळी द्यावे.