विश्लेषण : चिठ्ठीविना मिळणारी झोपेची गोळी किती निर्धोक?

‘रात्री झोपच लागत नाही’ ही तक्रार अनेकदा डॉक्टरांच्या आधी औषध दुकानदाराच्या कानी जाते. मग कोणी सर्दीची गोळी घेतो, कोणी ऑनलाइन मेलाटोनिन मागवतो, कोणी घरातल्या ज्येष्ठांच्या डब्यातली ‘अर्धी गोळी’ उचलतो. तिन्हींना आपण झोपेची गोळीच म्हणतो. पण त्या वेगळ्या आहेत आणि त्यांचे धोकेही वेगळे आहेत.

चिठ्ठीशिवाय काय घेऊच नये?
अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे ‘शेड्यूल एच-१’मध्ये मोडतात. २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार दुकानदाराने डॉक्टर व रुग्णाचे नाव नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. या औषधांची सवय लागते आणि मद्यासोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. रोज घेणाऱ्यांनी ती अचानक बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी.

सर्दीच्या गोळीने झोप का येते?
डायफेनहायड्रामिन, क्लोरफेनिरामिन यांसारखी जुनी अँटिहिस्टामाइन्स मेंदूला जागे ठेवणाऱ्या हिस्टामिनला रोखतात. काही दिवसांत शरीर त्यांना सरावते; गुंगी मात्र सकाळपर्यंत रेंगाळू शकते. ज्येष्ठांमध्ये लघवी अडणे, गोंधळ उडणे, रात्री उठताना तोल जाणे असे प्रकार घडतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी तर ती परस्पर घेऊच नयेत.

मेलाटोनिनचे काय?
अंधार पडल्यावर मेंदूतील पिनियल ग्रंथीतून स्रवणारे हे संप्रेरक शरीराला रात्र झाल्याचे कळवते. म्हणूनच लांबच्या विमानप्रवासानंतर घड्याळ बिघडले तर त्याचा उपयोग होतो. जुनाट निद्रानाशासाठी मात्र मेलाटोनिन किंवा डायफेनहायड्रामिन वापरू नये, असेच अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सुचवले. मेलाटोनिनच्या गोड गमी मुलांना चॉकलेटच वाटतात. त्या त्यांच्या हाती लागू देऊ नका.

मग करायचे काय?
सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तीच ठेवा. सहाच्या चहातले सुमारे निम्मे कॅफिन रात्री अकरालाही शरीरात असू शकते, म्हणून शेवटचा चहा दुपारीच घ्या. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसा. पेंग आली की परत अंथरुणावर या. फोन हाताच्या अंतरावर नको. एकाच खोलीत टीव्ही, अभ्यास आणि झोप असेल, तर दिवा व आवाज बंद करण्याची वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा. रात्रपाळीवाल्यांनी दिवसा जाड पडदा लावावा. घरच्यांनीही त्या झोपेला रात्रीइतकाच मान द्यावा.

डॉक्टरांकडे कधी जावे?
आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले, तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार गोळी नसून सवयी व विचारांवर काम करणारी ‘सीबीटी-आय’ ही पद्धत आहे. जोरात घोरणे, झोपेत श्वास अडखळणे किंवा सततची उदासी असेल, तर तीन महिने थांबू नका.

एखाद्या रात्रीपुरती गोळी घ्यायचीच असेल, तर इतर औषधांची यादी दुकानदाराला दाखवा, त्या रात्री मद्य टाळा आणि सकाळी सुस्ती असेल तर गाडी चालवू नका. दुकानदारानेही पैसे घेण्याआधी ‘किती दिवसांपासून झोप नाही?’ एवढे विचारायला हवे. गोळी चिठ्ठीविना मिळते म्हणून ती निर्धोक ठरत नाही.