बंद न होणारी कळ

कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत पाटाचे पाणी आवर्तनाने येते. दार उघडते, ठरलेले दिवस पाणी वाहते, दार मिटते. शरीरातील पेशींनाही अशीच शिस्त असते. ‘वाढा’ हा बाहेरून आलेला निरोप पेशीच्या गाभ्यापर्यंत नेण्याचे काम काही विकरे, म्हणजे एन्झाइमे, करतात. त्यांपैकी ‘रॅफ’ हे विकर पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारते; शिक्का बसलेले प्रथिन त्याच्या पुढच्याला जागे करते. काम संपताच शिक्के पुसले जातात. कर्करोगात ही साखळी अनेकदा सुरूच राहते आणि पेशी अकारण दुप्पट होत जातात. शिवाय गाठ आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, जणू पाट फोडून चोरून काढलेली चारीच. त्याच वाटेने तिच्या पेशी इतर अवयवांत पोहोचतात.

यकृताच्या कर्करोगामागे हिपॅटायटिस बी व सी आणि मद्यपान ही कारणे प्रमुख आहेत. मंचर-नारायणगावच्या आडत व्यापाऱ्यांनी चौथे कारणही ध्यानी ठेवावे. ओल धरलेल्या शेंगदाण्यावर व मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पुरते जात नाही.

रॅफ आणि रक्तवाहिन्यांना वाढवणारी विकरे, या दोहोंना रोखणारे औषध म्हणजे सोराफेनिब. ते रोग बरा करीत नाही. यकृताच्या वाढलेल्या कर्करोगावरील २००८ सालच्या प्रसिद्ध चाचणीत रुग्णांचे मध्यक आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेले. म्हणजे लाभ सुमारे पावणेतीन महिन्यांचा, आणि बायर कंपनीच्या औषधाचा भारतातील मासिक खर्च २०१२ साली होता २,८०,४२८ रुपये! दुकान गहाण टाकूनही असा खर्च किती महिने झेपणार?

९ मार्च २०१२ रोजी मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीस हे औषध बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला. भारतातील हा पहिलाच. महिन्याच्या १२० गोळ्यांची कमाल किंमत ८,८८० रुपये ठरली. पेटंटधारकास विक्रीवर ६ टक्के स्वामित्वशुल्क मिळाले, पुढे अपिलात ते ७ टक्के झाले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला आणि त्याच वर्षअखेर सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. मूळ आदेशात आणखी एक अट होती, ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही: दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना हे औषध विनामूल्य द्यावयाचे.