‘हायपो’चं टेन्शन

शुक्रवारची संध्याकाळ. वीकेंडचा फुल्ल मूड. आणि मोबाइलवर मैत्रिणीचा मेसेज : ‘‘बाळाच्या किडनीत हायपोप्लेझिया आहे म्हणे. संपलं गं सगळं.’’

ही मूळची वर्धा जिल्ह्यातली, हिंगणघाटकडची. नोकरी पुण्यात, आयटीत. एकोणिसावा आठवडा, पहिलंच बाळंतपण. सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा डॉक्टरांना पुढचा पेशंट घ्यायचा होता. ‘‘फॉलोअप करू,’’ एवढंच बोलणं झालं. मग काय, नवराबायको रात्री तीनपर्यंत गूगलवर! आणि रात्री तीन वाजता गूगल कधी कुणाला चांगली बातमी देत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

सकाळी आईचा फोन. ‘‘काहून रडून राहिली वं?’’ आता आईला काय सांगणार? शब्दाचा अर्थ हिलाच कुठे माहीत होता!

तर आधी तो शब्दच सोडवू. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘प्लेझिया’ म्हणजे घडण. पोटात असताना एखादा अवयव तयार झाला, पण पुरेसा वाढला नाही, तर तो हायपोप्लेझिया. अवयव तयारच झाला नाही, तर त्याला एजेनेसिस म्हणतात. थोडक्यात काय, हे काही एका आजाराचं नाव नाही. ते एक वर्णन आहे. ‘घर लहान आहे’ म्हणण्यासारखं. कुणाचं घर, किती लहान, राहणारे किती, हे कळल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

दातांवरचं इनॅमल नीट घडलं नाही तरी शब्द हाच. पण हृदयाची डावी बाजू नीट घडली नाही, तर मामला एकदम सीरियस. अंगभर रक्त पोहोचवणारा पंपच अपुरा. ऑपरेशन झालं नाही, तर ते बाळ काही दिवस, फार तर काही आठवडे काढतं. ऑपरेशनही एक नाही, टप्प्याटप्प्याने तीन.

आणि किडनी? देवाने दोन दिल्यात, एकीवर काम भागतं. हजारात साधारण एक माणूस एकच किडनी घेऊन जन्माला येतो आणि अनेकांना ते कित्येक वर्षं कळतही नाही. एक लहान राहिली तर दुसरी जरा जास्त वाढून तिचं काम उचलते.

खरी भीती दोन्ही किडन्या लहान असण्याची. आपल्याकडे प्रत्येक आजी विचारते ना, ‘‘पाणी चांगलंय ना गं?’’ तो प्रश्न अगदी पॉइंटाचा आहे. गर्भाभोवतीचं पाणी म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मुख्यतः बाळाची लघवीच. दोन्ही किडन्या काम करेनात, तर पाणी आटतं. पाणी आटलं, की फुप्फुसांना वाढायला वाव मिळत नाही. मग तीही अपुरी राहतात.

मैत्रिणीच्या बाळाची एकच किडनी लहान होती. पाणी छान होतं. रिपोर्टमध्ये तेही लिहिलं होतं, पण खालच्या ओळीत. तिथपर्यंत वाचायची हिंमत कुणात होती?

दरम्यान नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले होते. ‘‘अजून वेळ आहे, विचार करा.’’ हा ‘वेळ’ नावाचा प्रकार काय आहे, तेही सांगते. १९७१च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा वीस आठवड्यांची होती आणि ही तपासणीच होते अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे रिपोर्ट कळेपर्यंत दार बंद! २०२१च्या बदलानंतर काही परिस्थितींत ही मर्यादा चोवीस आठवडे झाली. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर मेडिकल बोर्डाच्या संमतीने त्यानंतरही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे तेहतिसाव्या आठवड्यातली एक बाई आली. गर्भाच्या डोक्याची-मेंदूची वाढ नीट झालेली नव्हती. बोर्ड ‘नाही’ म्हणालं होतं. कोर्टाने सांगितलं, निर्णय तिचा आहे, बोर्डाचा नाही.

निर्णय तिचा, मान्य. पण निर्णय घ्यायला आधी शब्द समजायला नको?

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली. वर्ध्यातल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर दोन किडन्या काढल्या, एक मोठी, एक बारकी, आणि पंधरा मिनिटांत सगळं समजावलं. जन्मानंतर सोनोग्राफी, मग अधूनमधून बीपी आणि लघवीची तपासणी. बस्स. ते कळल्यावर शेतकरी बाबा म्हणाले, ‘‘एखांदं बोंड बारीकच रायते. म्हून का आपन पऱ्हाटी उपटून टाकतो?’’ बाबांचं म्हणणं प्रत्येक रिपोर्टला लागू पडणार नाही, हृदयाचं तर नाहीच. पण या रिपोर्टला ते फिट्ट बसत होतं.

याच जिल्ह्यात सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथली पहिल्या वर्षाची मुलं खादी घालून गावात कॅम्पला राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. ओसरीवर बसून ‘रेनल हायपोप्लेझिया’ म्हणून पाहा बरं! समोरची आजी ‘म्हंजे काय?’ म्हणून विचारणारच. आपण मात्र एसी केबिनमध्ये, दोन-दोन डिग्र्या घेऊन, नुसती मान हलवतो.

आणि कधीकधी असा शब्द वयात आल्यावर भेटतो. सोलापूरकडच्या एका मुलीला जन्मतःच गर्भाशय नव्हतं. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या टीमने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं, ते तिच्यावर. गर्भाशय दिलं तिच्या आईने.

म्हणून पुढच्या वेळी रिपोर्टवर अवघड शब्द दिसला, की केबिनमधून उठायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे. कुठला अवयव आणि एकच बाजू की दोन्ही? बाकी सगळं, पाण्यासकट, ठीक आहे का? आता पुढे काय आणि कधी? डॉक्टर घाईत असले तरी विचारायचे. फी आपण भरलेली असते, बॉस!

गेल्या दिवाळीत हिंगणघाटला गेले होते. पोरगी दोन वर्षांची झालीय. अंगणात कोंबडीमागे पळत होती, आई तिच्यामागे आणि आजोबा दोघींना ओरडत होते. फाइल कपाटात आहे, वर्षातून एकदा निघते. त्यात तो शब्द अजूनही तसाच आहे. फक्त आता त्याचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ आहे.