अंतराळातही गाडी लागते

सहलीची एसटी घाटात शिरायच्या आत मी गाडी लागणारी पोरं पुढच्या बाकांवर आणते. 'पुढेच का?' असं कोणी विचारत नाही. पुढून रस्ता दिसतो, वळण कानाला कळतं तसं डोळ्यांनाही कळतं आणि दोघांचं भांडण मिटतं. एवढं समजलं की अंतर्कर्ण समजला. वर्गात मात्र आम्ही काय करतो? 'सुबक व नामनिर्देशित आकृती काढा.' अर्धवर्तुळाकार नलिकांना बाण मारला, गुण पडला, पुढचा धडा.

म्हणून मी आठवीच्या वर्गात ऑफिसातली फिरती खुर्ची आणते. मुलीचे डोळे ओढणीने बांधायचे, आपण ज्या दिशेला फिरतोय असं वाटेल तिकडे तिने अंगठा करायचा. खुर्ची एकाच संथ गतीने फिरवत राहायची. वीसेक सेकंदांत अंगठा रेंगाळतो, मग सरळ वर. "बाई, थांबली!" वर्ग खिदळतो, कारण खुर्ची फिरतेच आहे. कानातल्या नलिकेतलं पाणी खुर्चीच्या वेगाला येऊन मिळालं, की कानाला सांगण्यासारखं काही उरत नाही. खुर्ची थांबवली की अंगठा उलटीकडे. फुगडी सुटल्यावर अंगण फिरतं ते यामुळेच. (एकदा खिचडीनंतर हा तास घेतला. पुन्हा नाही घेतला.)

मग अंतराळाकडे वळायला पाण्याची बाटली. बुडाशी भोक, धार लागलेली. हातातून सोडली की पडता पडता धार थांबते. 'अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं' हे पाठ केलेलं वाक्य तिथेच पुसायचं. ४०० किलोमीटर उंचीवरही ते जवळपास ९० टक्के असतं. अंतराळ स्थानकच पडत असतं, पृथ्वीला चुकवत.

आपल्या सगळ्यांच्या कानात चुनखडीचे बारीक खडे असतात. मान कलली की ते आपल्या वजनाने कलतात आणि खाली कुठे ते मेंदूला सांगतात. पडणाऱ्या स्थानकात त्यांना वजनच जाणवत नाही. मान वाकवली की नलिका सांगतात 'वळलो', खडे गप्प. पुन्हा भांडण, पुन्हा मळमळ. अंतराळात पहिल्यांदा मळमळलं ते अंतराळवीर गेरमान तितोव यांना, १९६१ साली. १९८४ मध्ये राकेश शर्मांनी यावर योगाचा उपयोग होतो का, ते तिथेच करून पाहिलं. दोन-तीन दिवसांत मेंदू खड्यांचा नाद सोडतो, डोळ्यांवर भिस्त ठेवतो. उतरल्यावर सगळं पुन्हा शिकायचं. २०२५ मध्ये अंतराळातून परतलेले शुभांशू शुक्ला आधार घेऊन पावलं टाकत होते, ते माझ्या पोरांनी मोबाइलवर पाहिलं. "बाई, खडे जागे झाले!" एक जण ओरडला. हे उत्तर कुठल्याच गाइडात नाही.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, "हे पोर्शनमध्ये कुठे बसतं?" खुर्चीत बसतं, साहेब. मुख्याध्यापकांनो, ती एक तास द्या. फक्त खिचडीच्या आधीचा.