मावळचा खडक आणि वस्तानचा तृणमणी

गेल्या वर्षात, म्हणजे २०२५ मध्ये, सह्याद्रीच्या नावे दोन आंतरराष्ट्रीय नोंदी झाल्या. जुलैत ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात मावळातील लोहगड आहे. सप्टेंबरमध्ये भारताच्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक स्थळांची भर पडली. त्यात पाचगणी-महाबळेश्वर येथील डेक्कन ट्रॅप आहे. पहिल्या बातमीचे स्वागत ढोल-ताशांनी झाले, ते योग्यच होते. दुसरीची दखल फारशी कोणी घेतली नाही. ज्या लाव्हाच्या थरांना जगभरचे भूवैज्ञानिक ‘लोणावळा उपसमूह’ म्हणून ओळखतात, त्या लोणावळ्याच्या घाटाचे यादीत नाव नाही, हे तर कोणाच्या लक्षातही आले नसावे.

सह्याद्रीतील लाव्हाच्या थरांची वर्गवारी ऐंशीच्या दशकात झाली. सर्वांत खाली कळसूबाई, मध्ये लोणावळा आणि वर वाई असे तीन उपसमूह मानले गेले. लोणावळा उपसमूहात खंडाळा आणि बुशे ही दोन शैलसमूहांची नावे येतात. पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून भजी खाणाऱ्या पर्यटकाला आपण कशावर बसलो आहोत याची कल्पना नसते, आणि ती देण्याची तसदी तिथे कोणी घेतलेली नाही.

प्राचीन जीवसृष्टी म्हटले की सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे तृणमणीत अडकलेला डास उभा राहतो. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटाने हे चित्र घरोघरी पोहोचवले. त्यातील डायनासोरच्या पुनर्जन्माची कल्पना चित्रपटापुरतीच खरी. इतक्या दीर्घ काळात डीएनए टिकत नाही. मात्र कीटक टिकतो, तोही केसाकेसासह, हे खरे आहे. आणि त्यासाठी बाल्टिक समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही. मावळच्या उत्तरेला सुमारे तीनशे किलोमीटरवर, सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत पाच ते सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचा तृणमणी सापडला आहे. जर्मनीचे येस रुस्ट, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंग, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. संधिपाद प्राण्यांचे चौदा गण, पंचावन्नहून अधिक कुळे आणि शंभरावर जाती त्यात नोंदल्या गेल्या. त्यांत मधमाश्या आहेत, वाळवी आहे, मुंग्या आहेत.

हा तृणमणी साल वृक्षाच्या कुळातील झाडांचा आहे. मराठीत ‘राळ’ हा शब्द याच सालाच्या डिंकासाठी रूढ आहे. (राजकारणात आरोपांची राळ उडते ती वेगळी, ती फार काळ टिकत नाही.) वस्तानच्या राळेचे वैशिष्ट्य असे, की ती पूर्णपणे कठीण झालेली नाही. योग्य द्रावकात ती विरघळते आणि आतला कीटक अखंड बाहेर काढता येतो. इतरत्र संशोधकाला पारदर्शक खड्यातून डोकावावे लागते. इथे पाच कोटी वर्षांपूर्वीची मुंगी थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येते.

या कीटकांनी एका जुन्या समजुतीला धक्का दिला. गोंडवनापासून सुटलेला भारतीय भूखंड कोट्यवधी वर्षे समुद्रातून एकाकी सरकत होता. तेव्हा त्यावरील जीवसृष्टीही जगावेगळी असणार, असे मानले जात होते. प्रत्यक्षात वस्तानच्या कीटकांचे नातलग उत्तर युरोप, ऑस्ट्रेलेशिया आणि उष्णकटिबंधीय अमेरिकेतही निघाले. आशियाला भिडण्याच्या सुमारास हे बेट वाटले होते तितके एकटे नव्हते.

मावळचा या साऱ्याशी संबंध काय? एक तर सरळ आहे. वस्तानचे लिग्नाइट ज्या खंबाताच्या खोऱ्यात साचले, त्याचा तळ डेक्कन ट्रॅपचाच आहे. लाव्हा थंडावल्यानंतर दीड कोटी वर्षांच्या आसपास, त्या खोऱ्याच्या दलदलीच्या किनाऱ्यावर ते जंगल वाढले. दुसरा संबंध अधिक अडचणीचा आहे. वस्तानचा तृणमणी उजेडात आला तो लिग्नाइट काढण्यासाठी जमीन खणली गेली म्हणून, आणि तो नाहीसा होण्याचे कारणही तेच. तिथले लिग्नाइट वीजनिर्मितीसाठी जाळले जाते. खाण नसती तर हे कीटक कोणी पाहिलेच नसते. आणि खाण पुढे सरकली की पाहण्यासारखे काही उरत नाही. संशोधकांच्या हाती लागते ते या दोहोंमधल्या थोड्या दिवसांत.

मावळात नेमके हेच घडत आले आहे, फक्त जिन्नस वेगळा आहे. मावळच्या बेसॉल्टमध्ये तृणमणी मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ. हजार अंशांहून अधिक तापमानाचा लाव्हा जिथे पसरला, तिथल्या झाडांची राळ शिल्लक राहणार नाही. जीवाश्म टिकले ते दोन उद्रेकांमधल्या शांत काळात साचलेल्या गाळात. मुंबईत वरळीच्या परिसरातील अशाच गाळाच्या थरातून छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. आज त्या भागात उत्तुंग इमारती आहेत.

घाटात बेडूक नाहीत. तेथे तांबड्या मातीचे थर आहेत. खंडाळ्याच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे नीट पाहिले, तर काळ्या खडकाच्या दोन जाड थरांमध्ये विटकरी रंगाची पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाला, त्याच्या पृष्ठभागाची माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून झाकून टाकली, अशी ती पट्टी. तृणमणीने जसा कीटक पकडला, तशी या मातीने हवेतून पडलेली ज्वालामुखीची राख पकडली. त्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यातील युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वय काढता येते. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील अशा थरांतून झिरकॉन वेचून २०१५ मध्ये दाखवून दिले, की मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षे चालला.

हा केवळ तारखांचा घोळ नव्हे. डायनासोरांचा अंत मेक्सिकोत आदळलेल्या अशनीमुळे झाला की सह्याद्रीच्या ज्वालामुखीचाही त्यात हात होता, हा वाद या थरांवरच तोलला जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोन यांच्या गटाने एक मोठा उद्रेक अशनीपाताच्या आधी काही दहा-हजार वर्षे झाल्याचे मांडले. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने खडकातील आर्गॉन मोजून बहुतांश लाव्हा त्यानंतर वाहिल्याचे सांगितले आणि तो क्षण लोणावळा व वाई या उपसमूहांच्या सीमेच्या आसपास ठेवला. वाद मिटलेला नाही. तो मिटवायचा तर आणखी थर, आणखी नमुने लागणार, आणि ते सह्याद्रीच्या कड्यांतूनच काढावे लागणार.

त्या कड्यांचे काय होते आहे, हे पाहण्यासारखे आहे. १८६३ मध्ये भोर घाटाचा लोहमार्ग सुरू झाला. तो खोदताना निघालेले झिओलाइटचे देखणे स्फटिक विलायतेतील संग्रहांत पोहोचले. पुण्याभोवतीच्या खाणींतील खनिजे आजही जगभरचे संग्राहक हौसेने विकत घेतात. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि नवे कडे उघडे पडले. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून दोघांचा बळी गेला. त्यानंतर कड्यांवर पोलादी जाळ्या आल्या. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रवाशाचा जीव कोणत्याही थरापेक्षा मोलाचा आहे. प्रश्न जाळी बसण्यापूर्वी कोणी नोंद घेतो का, एवढाच आहे. खोपोली ते कुसगाव या सुमारे तेरा किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’साठी जवळपास नऊ किलोमीटरचा बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून खोदला गेला. सह्याद्रीच्या पोटातला एवढा लांब छेद भूवैज्ञानिकाला एरवी स्वप्नातही मिळणार नाही. बोगदा खोदताना प्रत्येक टप्प्यावर समोरच्या खडकाचा नकाशा काढण्याची आणि आधी विंधन घेऊन नमुने तपासण्याची पद्धत असते. ती माहिती अभियंत्यांसाठी असते. काम संपले की तिची गरजही संपते आणि भिंतीवर काँक्रीट चढते.

कायदा येथे मदतीला येत नाही. १९५८ चा पुरातन वास्तूंचा कायदा माणसाच्या हातच्या कामासाठी आहे. त्याच बेसॉल्टमध्ये कोरलेली कार्ले, भाजे, बेडसे येथील लेणी म्हणून सुरक्षित आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकल्या, याचा अभिमान रास्तच. पण लेण्याबाहेरच्या कड्याला तसे संरक्षण नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही स्थळांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणते. महाराष्ट्रात लोणारला तो मान आहे; मात्र त्या घोषणेमागे स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे आणि जीवाश्मांसह भू-अवशेषांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये हरकतींसाठी खुला केला. सर्व अधिकार एकाच संस्थेच्या हाती एकवटतात, असा आक्षेप संशोधकांनी घेतला आणि त्यात तथ्य होते. पण आक्षेप दूर करून विधेयक पुढे न्यायचे, की आक्षेपांच्या आडोशाने ते बाजूला ठेवायचे? २०२४ संपेपर्यंत ते संसदेपुढे आलेले नव्हते.

कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगे काही आहे. घाटातील प्रत्येक सरकारी कामाच्या निविदेत दोन अटी घालता येतील: विंधनाचे नमुने आणि खडकाचे नकाशे काम संपल्यावर पुण्यातील एखाद्या विद्यापीठाकडे सोपवायचे, आणि काँक्रीट चढवण्यापूर्वी भूवैज्ञानिकांना काही दिवसांची मुभा द्यायची. कोट्यवधींच्या कामात हा खर्च कुठे दिसणारही नाही. मिसिंग लिंकच्या बोगद्याच्या नोंदी जेथे असतील तेथून मागवून घेणे, ही त्याची पहिली पायरी ठरू शकते. खंडाळ्याच्या जुन्या रस्त्यालगत, जेथे तांबडी पट्टी स्पष्ट दिसते आणि दरडीचा धोका नाही, अशी एखादी जागा निवडून माहितीफलक लावणे तर नगरपालिकेलाही शक्य आहे. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांचे फलक महामार्गावर कितीतरी आधीपासून दिसू लागतात.