चोर एक की अनेक?

सावंगी (मेघे) येथे बसून एका इटालियन चित्रपटाच्या डीव्हीडी आवृत्त्या ताडून पाहणे ही चैन वाटेल; आम्हा भाषेच्या अध्यापकांना मात्र तो पाठचिकित्सेचाच भाग वाटतो.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'लाद्री दि बिचिक्लेत्ते' (१९४८) हा चित्रपट १९५२ साली मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला. पुढच्याच वर्षीच्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर त्याचा प्रभाव दिसतो. अमेरिकेतील जुन्या आवृत्त्यांवर नाव होते 'द बायसिकल थीफ'. क्रायटेरियनच्या २००७ च्या डीव्हीडीवर ते 'बायसिकल थीव्ह्ज' झाले. मूळ नावही अनेकवचनीच आहे.

फरक केवळ वचनाचा, पण अर्थ पालटतो. एकवचन सायकल पळवणाऱ्या पोरावर बोट ठेवून मोकळे होते. अनेकवचनात अखेरीस स्वतःच, तेही मुलादेखत, चोरीला हात घालणारा अंतोनिओही येतो. म्हणून आवृत्ती निवडताना चित्राच्या स्वच्छतेआधी नाव पाहावे, असे आमचे मत आहे.

मराठीत 'सायकलचोर' म्हटले तर वचन उघड होत नाही. ही उणीव आम्ही मानत नाही. चोर एक की अनेक, हे विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहून ठरवावे. वर्गातील चर्चा तेथूनच सुरू व्हावी.