यंत्र हापशासारखे सोपे असावे

आमचे गाव चाकणजवळ आहे. आजूबाजूला कारखाने आहेत. माझे बाबा तिथे यंत्रावर काम करतात. पण मला सगळ्यात आवडते यंत्र आमच्या शाळेजवळ आहे. ते म्हणजे हापसा.

हापसा कसा चालवायचा हे कोणाला शिकवावे लागत नाही. दांडा दिसतो, तोटी दिसते. दांडा खाली दाबला की साखळी आतली सळई वर ओढते, दट्ट्या वर येतो आणि पाणी भडाभडा पडते. पहिलीतली पोरंसुद्धा दोघं मिळून हापसतात.

गुरुजींनी आम्हाला हापशाची माहिती सांगितली. पूर्वी विंधनविहिरींवर बिडाचे पंप बसवत. ते एका घरापुरते बनवलेले असत. सगळे गाव हापसू लागले की मोडायचे. मग जालना व सोलापूर येथे लोकांनी विचार करून मजबूत पोलादी पंप बनवले. सोलापूरच्या पंपावरून १९७० नंतरच्या दहा वर्षांत 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार झाला. त्याला युनिसेफने मदत केली. आता तो आफ्रिकेतल्या खेड्यांतही आहे.

मागच्या उन्हाळ्यात गावात शुद्ध पाण्याचे यंत्र बसले. त्यात कार्ड घालून बटण दाबायचे. बटणे चार, सगळी एकसारखी. अक्षरे इंग्रजी आणि बारीक. माझी आजी कळशी घेऊन गेली. तिने एक बटण दाबले, दुसरे दाबले, पाणी काही येईना. रांगेतली माणसं हसली. आजी रिकामी कळशी घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मी अडाणी गं पोरी, मला काय कळतंय त्यातलं!" आता ती तिकडे जातच नाही.

मला फार वाईट वाटले. हीच आजी हापसा चांगला चालवते. मग चूक आजीची कशी? चूक यंत्राची आहे.

कोणी म्हणेल, यंत्राचे पाणी शुद्ध असते. ते खरे आहे. यंत्र काढा असे मी म्हणत नाही. पण पाण्याचे बटण मोठे व निळे करावे. त्यावर मराठीत 'पाणी' लिहावे आणि कळशीचे चित्र काढावे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र कळेल.

मित्रांनो, आपल्यातले कोणी मोठेपणी यंत्रे बनवतील. त्यांनी नवे यंत्र आधी आपल्या आजीला चालवायला द्यावे. तिला कोणाला न विचारता जमले, तर ते यंत्र चांगले, असे माझे मत आहे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी